बाळंतिणीची विश्रांती : बेचाळीस दिवसांची जबाबदारी कोणाची?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा हा त्यांपैकी एक. त्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेचा भाग झाल्या आहेत. संहितांवरील चर्चा मुख्यतः वेतन, नोकरीची शाश्वती आणि संपाचा अधिकार यांभोवती फिरली. मात्र जुन्या कायद्यातील एक तरतूद नव्या संहितेतही जशीच्या तशी कायम आहे, तिचा या निमित्ताने स्वतंत्रपणे विचार व्हायला हवा. प्रसूतीच्या दिवसानंतर लगतच्या सहा आठवड्यांत कोणत्याही मालकाने स्त्रीला जाणूनबुजून कामावर ठेवू नये, अशी ती तरतूद आहे.

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला बाळंतिणीचा सवा महिना या मुदतीच्या अगदी जवळ जातो. उत्तर भारतात ‘जापा’ किंवा ‘चालीसा’ या नावाने पाळला जाणारा काळही साधारण चाळीस दिवसांचाच असतो. वैद्यकशास्त्राने प्रसूतिपश्चात काळ ४२ दिवसांचा मानला असून मातामृत्यूची आंतरराष्ट्रीय व्याख्याही हीच मुदत धरते. गावातील आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी द्यावयाची शेवटची भेट नेमकी बेचाळिसाव्या दिवशी असते. म्हणजे रूढी, कायदा आणि विज्ञान यांचे मुदतीविषयी फारसे दुमत नाही. या ४२ दिवसांत घरातील काम कोणी करायचे, बुडालेली मजुरी कोणी भरून द्यायची आणि तिच्या प्रकृतीवर लक्ष कोणी ठेवायचे, हे मात्र अद्याप ठरलेले नाही.

प्रसूती रुग्णालयात, पुढचा काळ घरात

गेल्या वीस वर्षांत देशाने या क्षेत्रात मोठी मजल मारली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये शंभरांपैकी जेमतेम ३९ प्रसूती रुग्णालयात होत असत. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, आशा कार्यकर्त्यांचे जाळे आणि रुग्णवाहिकांची सोय यांचा त्यात मोठा वाटा आहे. दर एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंची संख्या २००४-०६ मध्ये २५४ होती. ती २०१८-२० मध्ये ९७ वर आली.

परंतु या यशाचा भर प्रसूतीच्या घटकेवर राहिला. त्याच सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये प्रसूतीनंतर दोन दिवसांच्या आत आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण ७८ टक्के होते. रुग्णालयात बाळंत होऊनही सर्वच स्त्रियांची पहिल्या दोन दिवसांत विचारपूस होत नाही, असा याचा अर्थ होतो. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस मोफत आहार देऊ केला. घरी सोडण्यासाठी मोफत वाहनही दिले. ते वाहन दारात उभे राहिले की शासनाची जबाबदारी बरीचशी संपते आणि उरलेले पाच आठवडे कुटुंबाच्या परिस्थितीवर सोडले जातात.

शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींमुळे हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. २००५-०६ मध्ये त्यांचे प्रमाण ८.५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. खासगी रुग्णालयांत तर ते ४७ टक्क्यांवर गेले. पोटावरील शस्त्रक्रियेतून सावरत असतानाच या स्त्रीला दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचे असते. इतर कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला विश्रांती घेण्यास बजावले जाते. बाळंतिणीकडून मात्र दुसऱ्याच दिवसापासून आणखी एका जिवाच्या अहोरात्र सेवेची अपेक्षा असते.

शरीर कसे सावरते

प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलो असते. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्याही खाली येते. अंगावरून जाणारा स्राव चार ते सहा आठवडे टिकतो. टाके भरून येणे, रक्ताची झीज भरून निघणे आणि दूध सुरळीत येणे या सर्व क्रिया याच काळात एकत्र चालू असतात. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या होत्या. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीला प्रसूतीतील सामान्य रक्तस्रावही जड जातो, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

सर्वाधिक धोका पहिल्या २४ तासांत आणि त्यानंतर पहिल्या आठवड्यात असतो. अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्तदाब वाढून येणारे झटके आणि पायातील रक्तवाहिनीत होणारी गुठळी हे त्यांतील प्रमुख आजार आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत ७७२ स्त्रियांची प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतर घरोघर जाऊन पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतरच्या काळात कोणता ना कोणता आजार झाल्याचे आढळले. कळांच्या वेळी त्रास झालेल्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. प्रसूती सुखरूप झाली म्हणजे धोका टळला, हा समज किती अपुरा आहे, ते या अभ्यासाने दाखवून दिले. याच संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या घरभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी ही भेट व्हावी, असा नियम आहे.

मनाच्या आजाराची नोंद तर याहूनही कमी घेतली जाते. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रसूतीनंतर नैराश्य येणाऱ्या मातांचे प्रमाण २२ टक्के होते. झोप न मिळणे, एकटेपणा, मुलगी झाल्याचे टोमणे आणि पैशाची विवंचना यांमुळे हा त्रास वाढतो. घरात त्याकडे बहुधा ‘हळवेपणा’ म्हणून पाहिले जाते.

सवा महिन्याने काय दिले आणि काय राहून गेले

महाराष्ट्रातील बाळंतपणाच्या चालीरीतींत विश्रांतीची एक संपूर्ण व्यवस्था होती. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, ओल्या बाळंतिणीने चुलीपुढे जायचे नाही, जड उचलायचे नाही, मालीश आणि शेक घ्यायचा, डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, सुंठ आणि खारीक असा आहार ठेवायचा, हे सारे ठरलेले असे. पंजाबात पंजिरी असते आणि केरळात बाळंतपणानंतरच्या शुश्रूषेला ‘प्रसवरक्षा’ म्हणतात. तपशील निरनिराळे असले तरी मूळ हेतू एकच होता. सासरी कामाच्या रगाड्यात असलेल्या तरुण सुनेला काही आठवडे कामातून कायदेशीरच नव्हे, तर धर्ममान्य सुटका मिळे. विटाळाच्या कल्पनेने तिला वेगळ्या खोलीत ठेवले जाई, हे खरे. परंतु त्याच निमित्ताने तिच्या हातून काम करून घेणेही निषिद्ध ठरे.

या व्यवस्थेतील दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. कोंदट खोलीत शेगडी पेटवून धुरी देणे आई आणि बाळ या दोघांच्याही फुप्फुसांना अपायकारक असते. पाणी कमी देणे, भाज्या-फळे वर्ज्य करणे, पहिले चिकाचे दूध पिळून टाकणे या प्रथांनी नुकसानच केले. विश्रांती म्हणजे दिवसभर खाटेवर पडून राहणे, हा समजही बरोबर नाही. पायात गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर बाळंतिणीला लवकर उठवून चार पावले चालायला लावतात. तिला खरी गरज असते ती कष्टाच्या कामापासून, अपुऱ्या झोपेपासून आणि काळजीपासून मोकळीक मिळण्याची.

त्याहून मोठा दोष असा, की ही व्यवस्था कधीच सर्वांची नव्हती. जिच्या माहेरी खाऊनपिऊन सुखी घर होते आणि कामाला दुसरे हात होते, तिलाच सवा महिना मिळे. शेतमजूर स्त्रीला पूर्वीही तो मिळत नव्हता आणि आजही मिळत नाही. दुसरीकडे, ज्या मध्यमवर्गात तो पाळला जात होता, तेथेही आता तो सांभाळणे कठीण झाले आहे. मुलगी बंगळुरूला किंवा दिल्लीला असते, तिची आई स्वतः नोकरीत असते, घर दोन खोल्यांचे असते. परिणामी मालिशवाली, डबेवाली आणि रात्रपाळीची दाई अशा विकत घेतलेल्या सेवा पुढे आल्या. दिल्लीसारख्या शहरांत ‘जापा’साठी महिनाभर घरी राहणाऱ्या स्त्रिया पुरवणाऱ्या संस्थाही आहेत. पैसे मोजणाऱ्या घरातील बाळंतीण अशा रीतीने विश्रांती घेऊ शकते. तिची सेवा करणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या बाळंतपणात ती मिळाली होती का, असे सहसा कोणी विचारत नाही.

कायद्याची व्याप्ती

प्रसूतीच्या रजेचा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ शतकभर जुना आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला होता. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, हेही त्यांनी मान्य केले होते. तथापि, सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला.

पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची केली. जगातील अनेक प्रगत देशांच्या तुलनेत ही मुदत उदार आहे. न्यायालयांनीही या हक्काचा अर्थ विस्तारला. दिल्ली महापालिकेतील हजेरीपटावरील मजूर स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका शिक्षिकेच्या प्रकरणात, प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचाच भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

मात्र हा लाभ मिळण्यासाठी मालक दाखवता यावा लागतो आणि आधीच्या बारा महिन्यांत त्याच्याकडे किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. देशातील कामकरी स्त्रियांपैकी बहुसंख्य शेतात, घरकामात, बांधकामावर किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यात आहेत. त्यांच्या बाबतीत मालक एक तर नसतो, किंवा असूनही कागदावर येत नाही. सहा आठवडे कामावर ठेवू नये, ही बंदी अशा स्त्रीला लागू पडली तरी तिचा अर्थ एवढाच होतो, की सहा आठवडे मजुरी मिळणार नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दरवर्षी हंगामात मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात आणि उचल त्या जोडीच्या नावाने दिली जाते. एकाने काम बंद ठेवले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. अशा व्यवहारात विश्रांतीच्या प्रत्येक दिवसाची किंमत कर्जात मिळवली जाते. साहजिकच गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांतही मोळ्या डोक्यावर वाहिल्या जातात आणि बाळंतपणानंतर अंगातली कसर भरून येण्याआधीच स्त्री फडात परतते.

पाच हजारांचा हिशेब

असंघटित स्त्रियांसाठी २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांच्या प्रसूती लाभाचा हक्क दिला. १ जानेवारी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळू लागले. दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये देण्याची तरतूद नंतर करण्यात आली. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई व्हावी आणि मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती घेता यावी, हा या योजनेचा घोषित उद्देश आहे.

या उद्देशाच्या कसोटीवर रक्कम तपासून पाहता येईल. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सहा आठवड्यांत आठवड्याची सुटी वगळून ३६ दिवस धरले, तर त्या दराने ११,२३२ रुपये होतात. पाच हजार रुपये हे त्याच्या निम्मेही नाहीत. शिवाय ते कधी मिळतात, हेही पाहावे लागते. पहिला तीन हजारांचा हप्ता गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर मिळतो. दोन हजारांचा दुसरा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यानंतरच देय होतो. ही फेरी बाळाच्या चौदाव्या आठवड्यात संपते. म्हणजे नियमाप्रमाणे सर्व काही वेळेवर झाले, तरी दुसरा हप्ता विश्रांतीचे सहा आठवडे संपून आणखी दोन महिने गेल्यावर येतो. लसीकरणाला प्रोत्साहन म्हणून ही अट योग्य असेल. विश्रांतीची सोय म्हणून ती कुचकामी ठरते.

काही राज्यांनी आणि मंडळांनी याहून पुढे पाऊल टाकले आहे. तामिळनाडूच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत रोख रक्कम आणि पोषण संच मिळून १८ हजार रुपयांपर्यंत मदत २०१८ पासून दिली जाऊ लागली. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक प्रसूतीला १५ हजार आणि शस्त्रक्रियेला २० हजार रुपये देते. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गर्भवतींना आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. दुर्गम भागातील गर्भवतीला प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळ राहता यावे, यासाठी राज्याने केलेल्या सोयीला ‘माहेरघर’ हे नाव आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांसाठीही अशा माहेरघराचा विचार व्हायला हरकत नाही.

कामाला हात देण्याचा मुद्दाही याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. नेदरलँड्समध्ये आरोग्य विम्याच्या आधाराने प्रशिक्षित प्रसूती-सेविका पहिल्या आठवड्यात घरी येऊन एकूण २४ ते ८० तास आई आणि बाळाची काळजी घेते. आपल्याकडे इतकी सेवा लगेच शक्य नसली, तरी घरातीलच दुसरे हात मोकळे करता येतील. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रासाठी मात्र तसा सर्वसाधारण कायदा नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत यासंबंधी खासगी विधेयक आणले होते, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

तयारी आठव्या महिन्यातच

धोरण बदलण्यास वेळ लागेल. तोवर कुटुंबाला करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या नाहीत. प्रसूतीची तयारी म्हणून रुग्णालय, वाहन, पैसे आणि रक्तदाता ठरवून ठेवा, असे गर्भवतीला सांगितले जाते. त्याच यादीत नंतरच्या सहा आठवड्यांची तयारीही असायला हवी. आठव्या महिन्यात सासर आणि माहेर या दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे निश्चित करावीत. स्वयंपाक, पाणी भरणे, धुणे आणि मोठ्या मुलाची शाळा यांपैकी कोणते काम कोण करणार? रात्री बाळाला पाजून झाल्यावर त्याला घेऊन कोण बसणार? नवऱ्याला किती दिवस सुटी मिळेल आणि ती प्रसूतीच्या दिवशीच संपवण्याऐवजी घरी आल्यानंतरसाठी राखता येईल का? पाहुण्यांना केव्हा बोलवायचे आणि बारशाचा घाट किती मोठा घालायचा? ज्या बाळंतिणीला उभे राहायला त्रास होतो, तिला बाराव्या दिवशी शालू नेसून तासन्‌तास बसवणे टाळता येण्यासारखे आहे.

धोक्याची लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, ताप, स्रावाला दुर्गंधी, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एकाच पायाला सूज व वेदना, धाप लागणे, टाक्यांतून पू येणे, यांपैकी काहीही दिसले तर सवा महिना पुरा होण्याची वाट न पाहता तिला रुग्णालयात न्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा जीव नकोसा होणे हीदेखील आजाराचीच लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचे बाळंतिणीने बोलून दाखवले, तर दोन आठवडे थांबू नये. तिला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिल्या २४ तासांत, तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात आईची तपासणी व्हायला हवी. बाळाला लस टोचण्यासाठी सहाव्या आठवड्यात दवाखान्यात नेले जातेच. त्याच फेरीत आईचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन पाहिले जावे, असा आग्रह धरला पाहिजे.

शासनाच्या पातळीवरही काही बदल मोठ्या कायद्यावाचून करता येतील. मातृवंदना योजनेची बहुतांश रक्कम प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीच्या आठवड्यात हाती पडावी. तिची रक्कम सहा आठवड्यांच्या किमान मजुरीशी जोडावी. पहिल्या अपत्याची आणि मुलगीच असण्याची अट काढून टाकावी, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ती नाही. आशा कार्यकर्तीच्या सहा भेटींत बाळाच्या वजनाबरोबर आईची झोप, आहार आणि मनःस्थिती यांचीही नोंद व्हावी आणि या वाढीव कामाचा मोबदला तिला मिळावा. हंगामी स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांचे प्रसूतीच्या काळातील खाडे उचलीत धरले जाणार नाहीत, याची हमी साखर कारखाने, मुकादम आणि राज्य सरकार यांनी करारातच द्यावी.

बाळंतिणीला सहा आठवडे विश्रांती हवी, हे कायद्याने पुन्हा एकदा मान्य केले आहे. ज्या स्त्रीचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, तिला हे ४२ दिवस मिळतात की नाही, यावरच सामाजिक सुरक्षा संहितेच्या नावातील ‘सामाजिक’ या शब्दाची परीक्षा होणार आहे.